पोटातली थकबाकी

मराठी घरात दिवसाची सुरुवात ज्या प्रश्नाने होते, तो प्रश्न उंबऱ्याबाहेर कोणी कोणाला विचारत नाही. घरात मात्र आजी नातवाला विचारते, आई मुलाला विचारते, बायको नवऱ्याला चहाचा कप पुढे करता करता विचारते, "झालं का?" एवढेच! कर्त्याचा पत्ता नाही, कर्माचे तर नावच नाही. तरीही आजवर कोणी उलट "काय झालं का?" असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उत्तरही तितकेच आटोपशीर असते. "झालं", "नाही झालं" आणि तिसरे, अत्यंत खिन्न स्वरातले, "झाल्यासारखं झालं."

पण हाच माणूस चपला घालून बाहेर पडला की त्याला कोठा नावाचा अवयव उरत नाही. लोकलमध्ये लोक आपला मधुमेह एखाद्या पदवीसारखा मिरवतात. बायपासची हकीकत तर दादरला सुरू होते आणि ठाणे आले तरी दुसऱ्या नळीपाशीच असते. कोठ्याबद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी. गेली बावीस वर्षे मी बँकेत कारकुनी करतो आहे आणि या काळात रजेचे शेकडो अर्ज माझ्या हाताखालून गेले आहेत. ताप, पाठदुखी, घरातले कार्य, गावची जत्रा. एकेका सहकाऱ्याच्या तीन-तीन आज्या मी कागदोपत्री पोचवून आलो आहे. पण 'बद्धकोष्ठामुळे कामावर येऊ शकलो नाही' असा अर्ज आजतागायत पाहिला नाही. वास्तविक त्या दिवशी कामावर आलेल्या माणसाचा चेहरा पाहिला की वाटते, याला रजा देणे हेच बँकेच्या हिताचे!

शब्द मात्र मोठा भारदस्त आहे. बद्धकोष्ठ! सह्याद्रीतल्या एखाद्या न जिंकता आलेल्या किल्ल्याचे नाव शोभावे. आयुर्वेदाने तर कोठ्यावरून माणसांचे तीन वर्गच पाडले आहेत : मृदू कोष्ठ, मध्यम कोष्ठ आणि क्रूर कोष्ठ. आमच्या शाखेतले हेडकॅशियर मुंगीलासुद्धा बाजूला सरकवून पाऊल टाकणारे गृहस्थ. पण कोष्ठ क्रूर! स्वभावावरून माणसाच्या अंतरंगाची कल्पना येत नाही म्हणतात ते खोटे नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतल्या प्रयोगशाळेत, फेनॉल्फ्थॅलीनच्या दोन थेंबांनी गुलाबी झालेल्या पाण्यापाशी संपला. तेव्हा या विषयावरचे वैद्यकीय संशोधन मी का वाचावे, असे कोणी विचारील. पण जरा विचार करा, पोट हा मुळात वैद्यकाचा विषय नसून हिशेबाचा आहे. आवक आहे, जावक आहे, आरंभीची शिल्लक आहे, आणि दिवसअखेर ताळा जमला नाही तर झोप नाही. थकबाकीचे शास्त्र बँकेतल्या माणसाला नाही कळायचे तर कोणाला?

पहिला प्रश्न, थकबाकी म्हणायचे कशाला? इथेच घरोघरी मतभेद. आमच्या सासरेबुवांना दिवसातून दोनदा जावे लागते. एकदाच झाले तर ते त्या दिवशी कोणाशी बोलत नाहीत. उलट माझ्या एका मामांचा कारभार एक दिवसाआड चालतो आणि सत्तरीतही ते पर्वती चढून उतरतात. मग खरे बद्धकोष्ठ कोणाला? हा वाद मिटवायला जगभरच्या पोटाच्या डॉक्टरांनी चक्क निकष ठरवले. १९८८ साली रोमला भरलेल्या परिषदेपासून हे काम सुरू झाले म्हणून त्यांना 'रोम निकष' म्हणतात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. जोर करावा लागणे, खडा होणे, पुरते न झाल्याची रुखरुख राहणे, वाटेत काही अडल्यासारखे वाटणे, हाताची मदत घ्यावी लागणे, या गोष्टी चारातून एकापेक्षा जास्त वेळा होणे आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा जाणे होणे. या सहांपैकी कोणत्याही दोन जमल्या आणि गेले तीन महिने तसेच चालू असले, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असली, म्हणजे तुम्ही अधिकृत!

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की आम्हीही ते खाते अनुत्पादक ठरवतो. रोमचे वैद्य आणि आमचे बँकवाले कधी एकमेकांना भेटले नसतील. पण थकबाकीला किती मुदत द्यावी यावर दोघांचे एकमत झाले. सत्य एकच असते, त्याची शाखा कुठेही असो.

सासरेबुवांच्या रोजच्या हट्टाचेही उत्तर मिळाले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १,८९७ स्त्री-पुरुषांच्या सवयींची नोंद घेतली गेली आणि १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रोज एकदा जाणारे लोक सर्वांत जास्त निघाले खरे, पण घड्याळ लावल्यासारखा चोवीस तासांचा नेम पुरुषांत फक्त ४० टक्के आणि स्त्रियांत ३३ टक्के जणांचाच! म्हणजे आपण ज्याला 'नॉर्मल' म्हणतो आणि ज्याच्यासाठी जिवाचे रान करतो, ते मुळात अल्पसंख्याकांचे सुख आहे. ही बातमी मी सासरेबुवांना सांगितली. ते म्हणाले, "इंग्रजांचं सोडा. त्यांना कुठली शिस्त?"

त्याच ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक तक्ता छापला. आता तो जगभर चालतो. सात चित्रे, सात प्रकार. पहिला प्रकार सुट्या कठीण गोळ्यांचा. आपण शेळीच्या लेंड्या म्हणतो तो. सातवा नुसते पाणी. तिसरा-चौथा उत्तम. यात गंमत अशी की आकारावरून आतला प्रवास किती वेळ चालला याचा अंदाज बांधता येतो. जितका मुक्काम लांबला, तितके पाणी आतड्याने शोषून घेतले आणि तितका माल कडक. पूर्वी हाच वेळ मोजायला फार खटाटोप होता. १९६९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एक पद्धत सुचवली. क्ष-किरणांत दिसतील असे प्लास्टिकचे बारीक तुकडे गिळायला द्यायचे आणि काही दिवसांनी फोटो काढून पाहायचे, किती अजून रस्त्यातच आहेत! पत्र रजिस्टरने टाकून मग प्रत्येक स्टेशनवर चौकशी करत बसण्याचा हा प्रकार, पण अजूनही उपयोगी पडतो.

मात्र या विषयात माणसे शहाणी होण्याआधी बरीच घाबरून गेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भल्याभल्यांची समजूत होती की तुंबलेल्या आतड्यातून विष रक्तात भिनते, आणि थकवा, डोकेदुखी, अकाली म्हातारपण सगळे त्यातूनच येते. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन हे त्या काळचे नामांकित शल्यचिकित्सक. हाताला कमालीचे यश. त्यांनी या विषावर जालीम उपाय काढला. बद्धकोष्ठाच्या रोग्याचे मोठे आतडेच कापून टाकायचे! थकबाकी वसूल होत नाही म्हणून शाखाच बंद करण्यातला हा प्रकार. नोबेल मिळवणारे मेच्निकॉफ यांचाही मोठ्या आतड्यावर फार राग होता, पण ते पडले सौम्य प्रकृतीचे. त्यांनी सुरीऐवजी दह्याची शिफारस केली. आपल्याकडे हा शोध दहीभाताच्या रूपाने आधीच लागलेला होता.

या विषाच्या भुताला बाटलीत भरले ते अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांनी, १९१९ मध्ये. त्यांचा मुद्दा इतका साधा होता की तो एखाद्या कारकुनालाही सुचावा. पोट मोकळे झाले की डोके तत्काळ हलके होते ना? मग रक्तात विष भिनले असेल तर ते दोन मिनिटांत गेले कुठे? दारू पिऊन बाटली फेकून दिली म्हणून नशा उतरत नाही. अर्थात त्रास होतो तो विषाने नव्हे, तर आतल्या ताणाने आणि दाबाने. हे होऊन शंभरावर वर्षे झाली. तरी आजही 'आतड्यातली वर्षानुवर्षांची घाण काढा' अशी जाहिरात पाहून माझे शेजारी दर महिन्याला कसलेसे चूर्ण मागवतात. भूत एकदा बाटलीत गेले की ती बाटली विकणारा कोणीतरी निघतोच.

यानंतर आले डेनिस बर्किट. हे आयर्लंडचे शल्यचिकित्सक बरीच वर्षे युगांडात होते. लहानपणी एक डोळा गमावलेला. पण एका डोळ्याने त्यांना जे दिसले ते दोन डोळ्यांच्या इतरांना दिसले नव्हते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या विसर्जनाचे चक्क वजन केले आणि १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे मांडले. युगांडाचा खेडूत दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर, आणि ब्रिटिश आरमारातला खलाशी जेमतेम शंभर! ज्या आरमाराने अर्धे जग जिंकले, ते या एका आघाडीवर असे सपशेल हरले. बर्किटसाहेबांचा सिद्धांत होता, चोथा. म्हणजे कोंड्यासकट धान्य, साली, भाज्या, डाळी. देशाचे विसर्जन जितके लहान तितकी त्याची इस्पितळे मोठी, असे ते भाषणांतून सांगत. त्यांची सगळीच अनुमाने पुढे टिकली असे नाही. पण घरोघरच्या आज्या ज्वारीच्या भाकरीची बाजू ज्या जोराने मांडत, तिला आकड्यांचा आधार मिळाला एवढे खरे.

आता कारणांकडे वळू. चोथा कमी, चालणे कमी ही तर सर्वांना पाठ असलेली कारणे. काही औषधेही कोठा बांधतात. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अफूच्या कुळातली वेदनाशामके. थायरॉइड मंद झाले की आतडेही मंदावते. पाण्याविषयी मात्र थोडा गैरसमज आहे. शरीराला पाण्याची कमतरता असेल तर ते भरून काढावेच. पण एरवी नुसते तांबे रिचवून आतडे पाझरत नाही, ते पाणी मूत्रपिंडांच्या वाटेने निघून जाते. सोबत चोथा असेल तर पाण्याचा उपयोग.

पण माझ्या व्यवसायाशी निगडित कारण वेगळेच आहे, आणि ते म्हणजे 'नंतर जाऊ'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय आहे 'न वेगान् धारणीय'. निसर्गाच्या तेरा वेगांना अडवू नये, असे त्यात सांगितले आहे. शिंक, जांभई, अश्रू सगळे त्यात आहे. चरकाचार्यांना कॅश काउंटर ठाऊक नव्हते तरी त्यांनी कॅशियरचे दुखणे बरोबर ओळखले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर बारा निरोगी तरुणांना एक आठवडा 'कळ आली की जा' आणि एक आठवडा 'कळ आली तरी दाबून धरा' असे सांगण्यात आले. दाबून धरण्याच्या आठवड्यात जाणे कमी झाले आणि आतड्याचा सारा वेगच मंदावला. म्हणजे बद्धकोष्ठ हे शिकताही येते! यासाठी त्या संशोधकांना बारा तरुण गोळा करावे लागले. आमच्या शाखेत यावे, प्रयोग रोज दहा ते चार चालू असतो.

हेडकॅशियरांचे हेच झाले. पस्तीस वर्षे कॅश सांभाळली. उठायचे म्हणजे रोकड बंद करा, कुलूप घाला, किल्ली खिशात घाला, आणि समोर रांगेत एक पेन्शनर आजोबा काठी आपटत उभे. "ही एवढी माणसं संपली की जातो," असे ते म्हणत. माणसे काही संपत नसत. कळ मात्र संपून जाई. कोठा जड हा त्यांचा जन्माचा सोबती होता, म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी त्यात काही वेगळे सुरू झाले तेव्हा ते कोणाच्या लक्षात आले नाही. कधी तीन दिवस काही नाही, कधी एकदम पातळ. मग रक्त दिसू लागले. त्यांनी ठरवून टाकले, मूळव्याध. चूर्ण बदलले, काढा बदलला, पट्टा दोन भोके आत गेला. पाच महिने हा माणूस रोज आमच्या शेजारी बसून नोटा मोजत होता आणि एक अक्षर बोलला नाही. आम्ही विचारले तर म्हणत, "काही नाही हो, जरा पोट." शेवटी त्यांच्या पत्नीने धुवायच्या कपड्यांत काय ते पाहिले आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. दुर्बीण आत घालून तपासणी झाली, गाठ निघाली, गाठ वाईट होती. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी वहिनींना सांगितले, "वेळेत आणलंत. आणखी सहा महिन्यांनी आला असता तर मी हेच वाक्य वेगळं बोललो असतो."

ते आज ठणठणीत आहेत, निवृत्त आहेत. हे मुद्दाम लिहिले, कारण या विषयात हसण्याला जागा भरपूर असली तरी काही जागा हसण्याच्या नाहीत. रक्त पडणे, वजन आपोआप उतरणे, रक्त कमी होणे, पन्नाशीनंतर सवयीत अचानक फरक पडणे, यांतले काही दिसले की चूर्णाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. बहुतेकांना काही विशेष निघत नाही आणि माणूस हसत घरी येतो. पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. लाजेने आजवर कोणाचे पोट साफ झालेले नाही.

बाकीच्यांसाठी उपायांची बाजारपेठ विशाल आहे. पहिला मान ईसबगोलाचा. गुजरातेतले उंझा ही त्याची मोठी पेठ, आणि तिथून तो साऱ्या जगात जातो. तो पाणी धरून फुगतो, म्हणून त्याच्याबरोबर पाणी भरपूर हवे. कोरडाच घेतला तर रस्ता मोकळा करायला पाठवलेला माणूसच रस्त्यात बसतो. एरंडेल तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या पपायरसातही आहे. ते नेमके कोणत्या कळीवर बोट ठेवते हे मात्र जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये शोधून काढले. तोवर पिढ्यान्पिढ्या मुले नाक दाबून, तोंड वाकडे करून, केवळ आईच्या धाकाने विज्ञानाची वाट पाहत होती. शाळेतले माझे गुलाबी फेनॉल्फ्थॅलीनही जवळजवळ शतकभर रेचक म्हणून खपले. कर्करोगाच्या शंकेने १९९९ मध्ये अमेरिकेने ते काढून टाकले. आणि २०१२ मध्ये तिथे मान्यता मिळालेले लिनाक्लोटाइड तर कमालच! प्रवासात ज्या जंतूमुळे आपली सहल शौचालयात पार पडते, त्याच जंतूच्या विषाच्या धर्तीवर ते बेतलेले आहे. चोराला पगार देऊन गुरखा नेमावा तसे. २०२२ मध्ये तर थरथरणाऱ्या कॅप्सूललाही तिथे परवानगी मिळाली. गिळायची, आत जाऊन ती मोबाइलसारखी थरथरते आणि झोपलेल्या आतड्याला जागे करते. उचलायचा की नाही ते आतड्याने ठरवायचे.

सर्वांत स्वस्त उपाय बसण्याचा. इस्राएलमधल्या एका संशोधकाने २००३ मध्ये २८ जणांना वेगवेगळ्या पद्धतींनी बसवून वेळ मोजला. उकिडवे बसले तर सरासरी ५१ सेकंद, खुर्चीवजा भांड्यावर १३० सेकंद. उकिडवे बसल्याने आतला वाक सरळ होतो म्हणे. म्हणजे फ्लॅट घेताना ज्याला आम्ही प्रतिष्ठा समजून जास्त पैसे मोजले, त्याने रोजची ७९ सेकंदे खाल्ली! गुडघे साथ देत नसतील त्यांनी पायांखाली पाट घ्यावा. हल्ली जेवायला पाट कोणी घेत नाही. निदान दुसऱ्या टोकाला तरी त्याची सोय होईल.

काही जणांचे दुखणे निराळेच असते. जे स्नायू ढिले पडायला हवेत तेच ऐन वेळी आवळले जातात, म्हणजे दार ढकलायचे आणि आतून कडीही लावायची. अशांना औषधापेक्षा शिकवणी लागते. पडद्यावर आपल्याच स्नायूंचा आलेख पाहत त्यांना सैल सोडायला शिकायचे. इटलीतल्या २००६ सालच्या चाचणीत सहा महिन्यांनी या शिकवणीने ८० टक्के रुग्ण समाधानकारक सुधारले, रेचकाने २२ टक्के. शिकवणीचा एवढा निकाल तर दहावीचे क्लासवालेही लावत नाहीत.

आणि आता किवी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत न्यूझीलंड, इटली आणि जपानमधल्या लोकांना रोज दोन हिरवी किवी खायला दिली आणि बद्धकोष्ठवाल्यांची गाडी आठवड्यातून दीड फेरी तरी वाढली. या चाचणीला पैसा किवी विकणाऱ्या कंपनीचा होता, हे हिशेबनीस म्हणून नोंदवून ठेवतो. पण २०२५ मध्ये ब्रिटनच्या आहारतज्ज्ञांनी जुने पुरावे तपासून जो सल्ला दिला त्यातही किवी आहे, राईचा पाव आहे, क्षारयुक्त पाणी आहे. 'चोथा जास्त खा' या सरसकट उपदेशाला मात्र भक्कम पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. बिचारे बर्किटसाहेब! अर्थात म्हणून भाकरी सोडायचे कारण नाही. ऑडिटरने शेरा मारला म्हणून कोणी बँक बंद करत नाही.

आमच्या शाखेत मात्र एक सुधारणा झाली आहे. हेडकॅशियरांच्या प्रकरणानंतर साहेबांनी एक पाटी करून घेतली : 'काउंटर पाच मिनिटे बंद'. कारण लिहिलेले नाही. पहिल्या दिवशी पाटी लागली तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी काठी आपटून विचारले, "पाच मिनिटं कशाला? कुठं गेला तो?" मागच्या आजींनी आवाज न करता त्यांना दोन शब्द सांगितले. आजोबांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते बाकावर जाऊन बसले आणि कॅशियर परत आल्यावर पासबुक पुढे करण्याआधी, सबंध शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी अगदी घरच्यासारखे विचारले,

"झालं का?"